भाड्याच्या गाडीने बाबांना ठोकरलं, 'तक्रार नाही'वर सही करायची का?

प्रश्न: शुक्रवारी पर्वरीला काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाडीने बाबांच्या स्कूटरला मागून ठोकर दिली. उजवं मनगट मोडलं. बाबा शिंपी आहेत. चतुर्थीचे ब्लाउज कापून तसेच पडलेत. गाडीमालक १५,००० रुपये आणि 'आमची तक्रार नाही' असा टाइप केलेला कागद घेऊन आला. बाबा म्हणतात, घे नि मिटव. मला पटत नाही.

डिचोलीकर: सही अजिबात नको! आधी एफआयआर, प्रत फुकट मिळते. गाडीचा नंबर, विमा पॉलिसी लिहून ठेवा, भरपाई विमा कंपनीकडूनच यायची. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात; तुम्ही राहता त्या भागातही चालतो. पण १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात ६ महिन्यांची मुदत आहे, रेंगाळू नका.

फोंड्याची ताई: पंचनामा, फोटो झाल्याशिवाय स्कूटर गॅरेजला देऊ नका. बुडालेली कमाईही मागता येते. बाबांची ऑर्डरची वही जपा, तोच पुरावा. माझ्या भावाने औषधांची बिलं फेकली, अजून हळहळतो.

प्रश्नकर्ती: वही सापडली. मापं, तारखा, आगाऊ रक्कम, सगळं बाबांच्या अक्षरात. उद्या पोलीस स्टेशनला जाते.