मदत हवी आहे: पहिली-दुसरीच्या मुलांकडून २४ आऱ्यांचं अशोकचक्र

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत १५ ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी पहिली-दुसरीच्या मुलांकडून कागदी तोरण करून घ्यायचंय. झेंडे मुद्दाम नकोत. ध्वजसंहितेनुसार कागदी झेंडे नंतर जमिनीवर टाकायचे नसतात, आणि पावसात ते चिखलात पडलेले बघवत नाहीत. म्हणून केशरी, पांढऱ्या, हिरव्या कागदांचे पंखे आणि मधे निळं चक्र.

अडलंय ते चक्रापाशी. आरे २४च हवेत, मुलं मोजून बघतात! कोनमापक या वयात जमत नाही. गोल कागदाला घड्या घालून पाहिल्या: आधी अर्धा, मग तीन सारखे भाग, मग दोनदा अर्धा. हिशेब बरोबर येतो, २४ रेषा मिळतात. पण घोटीव कागद शेवटच्या घडीला जाड होऊन सरकतो आणि तीन सारखे भाग तर मुलांना पाडताच येत नाहीत. पतंगाचा कागद वापरला, तो दमट हवेत मऊ पडतो. डिंकही वाळत नाही.

छापील चक्र, प्लास्टिक नको. कात्र्या बोथट टोकाच्या आहेत, वेळ तासभर, मुलं वीसेक.

तीन सारखे भाग मुलांना स्वतः पाडता येतील अशी काही युक्ती आहे का? आणि या हवेत कोणता कागद ताठ राहतो, चिकटवायला काय वापरावं?