डीएनएच्या घडीतून कॅन्सरचं औषध: यावर पैसा घालावा का?

सई_क: मावशीला स्तनाच्या कॅन्सरसाठी डॉक्सोरुबिसिन चालू होतं. शिरेतून जाणारं लालभडक औषध, मग दिवसभर लाल लघवी, आणि हृदय ठीक आहे ना म्हणून टूडी इको. गाठ एका जागी, औषध अख्ख्या अंगात. म्हणून मला डीएनए ओरिगामीचं, म्हणजे डीएनएच्या धाग्याला घड्या घालून हवा तो आकार देण्याचं, मोल वाटतं. २००६ साली अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या पॉल रोथमुंड यांनी विषाणूच्या डीएनएचा सुमारे ७ हजार बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) धागा २०० हून अधिक छोट्या तुकड्यांनी टाचून १०० नॅनोमीटरचा हसरा चेहरा घडवला. २०१८ मध्ये चीनमध्ये अशाच घडवलेल्या डीएनएच्या चादरीची नळी करून आत थ्रोम्बिन हे रक्त गोठवणारं प्रथिन भरलं. गाठीच्या रक्तवाहिनीवरचं न्यूक्लिओलिन हे प्रथिन भेटलं की नळी उघडते, तिथलं रक्त गोठतं, गाठीची रसद तुटते. उंदरांत हे साधलंय. सरकारने यावर सढळ हाताने खर्च करावा.

पेशीवाला: उंदरांत, तिथेच घोडं अडतं! २०१६ साली आधीच्या दहा वर्षांचे ११७ शोधनिबंध चाळले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी (औषध वाहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांपैकी) गाठीत पोचतात ते ०.७ टक्के, असा मध्यक निघाला. बरेचसे यकृत नि प्लीहा गिळतात. त्यात डीएनए नाजूक. रक्तातली एन्झाइम्स त्याला कुरतडतात, मॅग्नेशियम कमी पडलं की घडी सुटते. लिपोसोममधलं, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पिशवीत भरलेलं, डॉक्सोरुबिसिन १९९५ पासून बाजारात आहे, आधी ते तरी सगळ्यांना परवडू दे.

सई_क: डीएनएवर लायसीन (एक अमिनो आम्ल) आणि पेग (एक पॉलिमर) यांचं आवरण चढवलं की घडी खूप जास्त टिकते, हे २०१७ मध्येच दाखवलंय.

नर्मदाकाठ: डीएनएच्या घडीतून औषधापेक्षा शरीराच्या आतलं चित्रण (इमेजिंग) आधी जमेल. यमुना कृष्णन यांनी बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत २००९ सालीच डीएनएचं यंत्र जिवंत पेशीत सोडून आतली आम्लता मोजली होती.

पेशीवाला: काम अव्वल, प्रश्नच नाही. पण ते चमकणाऱ्या रंगावर चालतं, आणि पोटातल्या खोल गाठीचा उजेड कातडीबाहेर येत नाही. थ्रोम्बिनची तर मला भीतीच वाटते. नळी भलतीकडे उघडली तर?

सई_क: म्हणून तर डुकरांतही तपासलं. रक्त गोठण्यात बिघाड दिसला नाही.

पेशीवाला: ती डुकरं निरोगी होती. किमोने प्लेटलेट घसरलेल्या माणसाचं रक्त वेगळं वागतं. त्यापेक्षा पेशंटचा इको वेळेवर होऊ दे.

सई_क: मावशीचा वेळेवरच झाला. म्हणून तर कळलं, हृदयाचं पंपिंग ६० टक्क्यांवरून ४५ वर आलंय. औषध मधेच थांबवलं. गाठ तेव्हा होती तिथेच होती.