निरोगी स्तनांवर सुरी कशाला? (चर्चा)

पर्वतीपायथा
पुण्यात हल्ली ‘सुडौल आकार’वाल्या जाहिराती मोबाइलवर सारख्या दिसतात. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. त्यातलं ‘आधीचं’ शरीर बहुतेकदा ठणठणीत असतं. एक बाजू थोडी मोठी, एक स्तनाग्र किंचित खाली, भोवतीचं वर्तुळ रुंद किंवा गडद, यात काहीही बिघडलेलं नसतं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेली बाई विरळाच. स्तनात दूधग्रंथी, चरबी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू असतात. स्नायू असतो तो त्याखाली, छातीचा. म्हणून व्यायामाने छाती बळकट होते, पण ओघळलेला स्तन वर येत नाही. तेलाने, क्रीमनेही येत नाही. वजन, बाळंतपण, वय यांनी आकार बदलतच राहतो. माझं मत स्पष्ट आहे: फक्त दिसण्यासाठी ऑपरेशन करू नये.

चांदणीचौक
सगळ्यांना एकाच तागडीत तोलू नका, ताई. स्तन लहान करण्याचं ऑपरेशन दिसण्यासाठीच होतं असं नाही. खांद्यात रुतलेले पट्टे, मानदुखी, पाठदुखी आणि एप्रिल-मेच्या घामात स्तनाखालच्या घडीत वारंवार होणारं फंगल इन्फेक्शन. पावडर-मलम किती वर्षं लावायचं? त्या बाईला ‘जसं आहे तसं स्वीकार’ सांगणं म्हणजे तिचं दुखणं नाकारणं आहे.
त्याची किंमतही सांगते. वर्तुळाभोवती, तिथून सरळ खाली आणि बहुतेकदा खालच्या घडीतून आडवा, असे व्रण राहतात. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे अंगावर पाजण्यात अडचण येऊ शकते. सिगारेट ओढणाऱ्या बाईचा रक्तपुरवठा आधीच कमी, त्यामुळे जखम उसवण्याचा धोका वाढतो. म्हणून सर्जन काही आठवडे आधीपासून ती बंद करायला लावतात.

तुळशीबाग_माप
दोघींचं ऐकून एक सांगते: ऑपरेशनच्या आधी ब्रा नीट मोजा. टेप स्तनांच्या लगेच खाली, श्वास सोडून, घट्ट धरा. मग सगळ्यात भरलेल्या भागावरून सैल. फरक एक इंच असेल तर ए कप, दोन असेल तर बी, तीन असेल तर सी. खालचा पट्टा मागून वर सरकत असेल तर तो सैल आहे. मग सगळं ओझं खांद्यांवरच्या पट्ट्यांवर येतं आणि तिथे खड्डे पडतात. अनेकजणी पट्टा मोठा घेतात आणि कप लहान, नेमकं उलटं. दोन बाजूंत फरक असेल तर कप मोठ्या बाजूचा घ्या, दुसरीकडे पातळ पॅड घाला.

चांदणीचौक
मान्य, पण मापाने प्रत्येकीची पाठदुखी थांबत नाही. आणि आकार वाढवण्यासाठी आत बसवतात ती जेलची पिशवी, म्हणजे इम्प्लांट, हवं असेल तरी सज्ञान बाईचा निर्णय तिचाच.

मुळाकाठ
निर्णय तिचा, पण पुरती माहिती घेऊन. सिलिकॉन जेलचं इम्प्लांट पहिल्यांदा बसवलं 1962 साली, ह्यूस्टनला. ते आयुष्यभर टिकायची वस्तू नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. शरीर त्याभोवती पिशवीसारखं आवरण तयार करतं. ते आकसलं की स्तन कडक होतो, दुखतो, पुन्हा ऑपरेशन. जेलचं इम्प्लांट आत फाटलं तर बाहेरून कळतही नाही. म्हणून अमेरिकेची एफडीए, म्हणजे तिथली औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था, पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी तपासणी सुचवते. हा खर्च कुणी आधी धरतं का? 2019 मध्ये खरखरीत पृष्ठभागाचे काही इम्प्लांट एका दुर्मिळ लिम्फोमामुळे (एक प्रकारचा कॅन्सर) जगभर परत मागवले गेले. तेव्हा विचारा: पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, ग्रंथीखाली की स्नायूखाली? अनुक्रमांकाचं कार्ड मिळणार का? सर्जनकडे प्लॅस्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे का? विमा सौंदर्यासाठी पैसे देत नाही. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना वेगळी.

पर्वतीपायथा
दुखण्यासाठी लहान करणं मला पटलं, तेवढा शब्द मागे घेते. इम्प्लांटबाबत मात्र नाही. निदान सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला आईने क्लिनिकमध्ये नेऊ नये, तेव्हा वाढ पुरी झालेलीच नसते. एफडीएनेही आकार वाढवण्यासाठी सिलिकॉनला 22 वर्षांची अट घातली आहे.
आणि जुना फरक वेगळा, नवा वेगळा. पूर्वी नसलेली गाठ, कातडीला खळी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, रक्ताळ स्राव यातलं काही दिसलं तर ब्राचं माप नंतर, आधी त्याच आठवड्यात डॉक्टर.