कडक उन्हाळ्यात शॅमेलिऑनला बाहेर ठेवावं का?

पानाआड
माझं मत आधीच सांगते. ऊन तापायला लागलं की शॅमेलिऑनचा, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचा, पिंजरा फक्त सकाळी बाहेर काढावा, आणि तोही आपण शेजारी बसणार असू तरच. 'सावलीत ठेवलाय, राहील दिवसभर' हे मला आता अजिबात पटत नाही.

कारण माझ्याकडे जे घडलं ते. येमेनी जातीचा नर आहे, तीन वर्षांचा. पिंजरा चारही बाजूंनी जाळीचा, आत कुंडीतला फायकस. रोज सकाळी मी तो भिंतीच्या सावलीत ठेवायचे. त्या दिवशी फोन आला म्हणून आत गेले आणि पाऊण तास तिथेच गेला. बाहेर आले तर सावली सरकलेली आणि पिंजरा होता तिथेच, भर उन्हात. एरवी तो सगळ्यात वरच्या फांदीवर बसतो. तेव्हा तो कुंडीतल्या मातीला पोट टेकून पडला होता. रंग इतका फिका पडलेला की अंगावरचे पट्टे दिसेनात. तोंड उघडं, डोळे मिटलेले. शॅमेलिऑनने दिवसा डोळे मिटले की काहीतरी बिघडलंय हे नक्की समजावं. तसाच उचलून आत नेला आणि अंगावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारत राहिले. बर्फाचं पाणी मारायचं नाही, एवढं सुदैवाने माहीत होतं. संध्याकाळी त्याने पानावरचा थेंब चाटला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

तुमचं काय मत?

रानवाट
तुमच्या सरड्याच्या जिवावरचं निभावलं, बरं वाटलं. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. दोष पिंजऱ्याचा आणि जागेचा होता, बाहेर ठेवण्याचा नव्हता.

घरात यूव्हीबीची (उन्हातल्या अतिनील किरणांची) कितीही महागडी ट्यूब लावा, उन्हाची सर तिला येत नाही. यूव्हीबी किरण अंगावर पडल्यावर कातडीत ड ३ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, फांदी धरवत नाही. असं वाकलेलं पिल्लू मी हातात घेतलंय. त्याच्या मालकाला वाटत होतं की खिडकीच्या काचेतून येणारं ऊन पुरतं. काच यूव्हीबी अडवते, हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय तोंडावाटे ड ३ जास्त गेलं तर ते बाधतं. उन्हातून तसं होत नाही, कारण जास्तीचं कातडीतच मोडून निरुपयोगी होतं.

आणि हा प्राणी स्वतः हिशोब ठेवतो. पँथर जातीच्या शॅमेलिऑनवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात ड ३ कमी होतं ते आपणहून यूव्हीबीत जास्त वेळ जाऊन बसत, आणि ज्यांना ते भरपूर मिळत होतं ते कमी. त्याला कळतं. आपण त्याला जागा द्यायची.

पारा
'त्याला जागा द्यायची' यातच सगळं आलं. दोन फुटांच्या पिंजऱ्यात कुठली जागा? ऊन आत शिरलं की सगळ्याच पिंजऱ्यात शिरतं.

मोजमापाबद्दल थोडं. हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. हवा ३२ अंश असताना उन्हातली फांदी त्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते. सिमेंटच्या फरशीवर ठेवलेल्या पिंजऱ्याला तर खालूनही धग लागते. म्हणून पिंजरा जमिनीपासून उंच, स्टुलावर ठेवावा. थर्मामीटर त्याच्या नेहमीच्या फांदीवर लावावा, भिंतीवर लावून उपयोग नाही. येमेनी आणि पँथर यांना शेकायच्या जागी साधारण ३० अंश पुरतात. पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ थंडाव्यातला तीन शिंगांचा जॅक्सन असेल तर त्याहून कमी. त्याच्यासाठी ३० हीच धोक्याची खूण धरा.

काचेची पेटी मात्र क्षणभरही उन्हात नेऊ नका. बघता बघता भट्टी होते.

रानवाट
काचेच्या पेटीबद्दल शंभर टक्के सहमत. पण येमेनी शॅमेलिऑन हा तापणाऱ्या मुलखातला प्राणी आहे, हे विसरू नका. त्याच्याकडे उन्हावर उपाय आहेत. थंडी असली की अंग काळपट करून ऊन ओढून घेतो, गरम झालं की फिका होऊन परतवतो. २०१५ मध्ये जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की शॅमेलिऑनच्या कातडीत सूक्ष्म स्फटिकांचे दोन थर असतात. वरचा थर रंग बदलतो, तर खालचा मोठ्या स्फटिकांचा थर विशेषतः उष्णता आणणारे अवरक्त किरण परतवतो. एवढी तयारी असलेल्या जीवाला आपण काचेआड कोंडायचं?

पानाआड
कोंडायचं असं मी कुठे म्हटलं? सकाळी बाहेर काढते, हे पहिल्याच ओळीत आहे.

आणि ती तयारी त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर संपली होती. तो फिका झाला, तोंड उघडून धापा टाकल्या, जमेल तेवढा खाली उतरला. करण्यासारखं सगळं त्याने केलं. येमेनमध्ये तो झाडावर असता तर खोडाच्या पलीकडे गेला असता, दाट पानांत शिरला असता. माझ्या पिंजऱ्यात त्याला पलीकडे जायला जाळी होती. रानातल्या सरड्याचा दाखला पिंजऱ्यातल्या सरड्याला लावताना हा फरक धरायलाच हवा.

सकाळच का, तेही सांगते. सूर्य माथ्यावर येतो दुपारी बाराच्या सुमारास, पण हवा सगळ्यात जास्त तापते त्यानंतर दोन-तीन तासांनी. म्हणजे माध्यान्हीच्या तीन तास आधी आणि तीन तास नंतर सूर्य सारख्याच उंचीवर असतो, यूव्हीबी जवळपास तेवढंच मिळतं, पण सकाळची हवा कितीतरी थंड असते. तेच औषध कमी धोक्यात मिळत असेल तर दुपार कशाला?

दवबिंदू
मी दोघांच्याही विरोधात. सगळी चर्चा उन्हाभोवती फिरतेय, पण बाहेर फक्त ऊन नसतं. कावळा जाळीतून चोच घालतो. मांजर पिंजराच खाली पाडते. मुंग्यांची रांग लागली तर हा संथ प्राणी पळणार कुठे? शेजारच्या बागेत कीटकनाशक मारलं असेल तर जाळीतून आत आलेला प्रत्येक किडा विषारी. काजवे तर तसेही घातक आहेत, काही जातींतला एखादा काजवासुद्धा सरड्याचा जीव घेतो. मी माझ्या पँथरला आतच ठेवते. ट्यूब वर्षभरात बदलते, उजेड तसाच दिसत असला तरी, कारण यूव्हीबी त्याआधीच घटलेलं असतं. चार वर्षं ठणठणीत आहे.

पारा
ट्यूब वेळेवर बदलणारे थोडेच असतात, म्हणून तुमचा ठणठणीत आहे. मुंग्यांवर सोपा उपाय आहे. स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

फवाऱ्याबद्दलही एक. हवा कोरडी असेल तर पाणी उडून जाताना गारवा येतो. दमट हवेत ते उडतच नाही, नुसतं ओलं होतं. दमट दिवशी फवाऱ्याच्या भरवशावर राहू नका. पाणी प्यायला मात्र थेंब हवेतच. वाटीतलं साचलेलं पाणी बहुतेक शॅमेलिऑनना पाणी म्हणून ओळखूच येत नाही. वरून पानांवर ठिबकत राहील अशी सोय करा, आणि नळी उन्हात पडली असेल तर आधी त्यातलं तापलेलं पाणी सोडून द्या.

रानवाट
सकाळ-दुपारचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात आला नव्हता. तरीही माणसाएवढ्या उंचीचा, दाट झाडं लावलेला, वरून अर्धा झाकलेला पिंजरा असेल तर सावलीत हवा ३२-३३ च्या आत असेपर्यंत तो दिवसभर बाहेर राहू शकतो, या मतावर मी ठाम आहे. माझे दोन पँथर तसेच राहतात. दुपारी ते दिसतही नाहीत, पानं बाजूला करून शोधावे लागतात. छोट्या पिंजऱ्यासाठी मात्र पानाआड म्हणतात ते खरं, शेजारी बसा.

नवीपालवी
मी पहिल्यांदाच पाळतेय. सहा महिन्यांचं येमेनी पिल्लू, पिंजरा लहान, जाळीचा. सकाळी साडेआठला घर सोडते, परत यायला संध्याकाळ. सावलीत ठेवून गेले तर चालेल का? आत ठेवलं तर उन्हावाचून त्याची हाडं कमकुवत होतील अशी भीती वाटते.

रानवाट
नाही. आतच ठेवा. पिल्लू आपल्यापेक्षा कितीतरी लवकर तापतं आणि लवकर सुकतं. चांगली यूव्हीबी ट्यूब आणि कॅल्शियम चालू ठेवा, हाडांना काही होणार नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी वीस मिनिटं, पिंजऱ्याचा अर्धा भाग कापडाने झाकून, तुमच्या डोळ्यांसमोर. तेवढं ऊन त्याला पुरे.

पानाआड
आणि फोन आत ठेवा.