मदत हवी आहे: शेअर चौथाईने पडला, रेटिंग मात्र जिथल्या तिथे. हे कसं काय?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज अडलो म्हणून पहिलाच धागा काढतोय, चूकभूल सांभाळून घ्या.

शेअर निवडताना मी एका रेटिंगवर भिस्त ठेवतो. प्रत्येक कंपनीला स्वस्तपणा, गुणवत्ता, वाढ आणि मोमेंटम (म्हणजे भावाची अलीकडची चढती-उतरती चाल) असे वेगवेगळे गुण मिळतात आणि त्यांचा मिळून १०० पैकी एक आकडा येतो. ताळेबंद वाचायचा मला मनस्वी कंटाळा, त्यामुळे ही सोय भलतीच आवडली. सात महिन्यांपूर्वी ७२ गुण बघून एक शेअर घेतला. (कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा तिच्यावरच घसरेल.) तेव्हापासून भाव चौथाईने उतरलाय. काल परत रेटिंग उघडलं, तर गुण किती? ७२!

मग दुसरीकडचं एक रेटिंग पाहिलं. तिथे याच शेअरला ३२. गंमत म्हणजे घटकांचे सुटे गुण दोन्हीकडे जवळपास सारखेच आहेत: स्वस्तपणा ९०, गुणवत्ता ८५, वाढ ३०, मोमेंटम १०.

आता मी समजायचं काय? भाव पडला तरी गुण का हलत नाहीत? आणि ७२ खरं की ३२? जाणकारांनी कृपया उलगडून सांगा.

प्रतिसाद १

रेटिंग बघून शेअर घेणं म्हणजे पत्रिका बघून लग्न जमवणं. ३६ गुण जमले तरी भांडणं व्हायची ती होतातच. :)

प्रतिसाद २

वरच्या विनोदाला हसून घेतलं, पण प्रश्न चांगला आहे. दोन गोष्टी सांगा. कोणत्या घटकाला किती भार, हे दोन्हीकडे कुठे दिलंय का? आणि शेअर घेतला तेव्हाचे सुटे गुण आठवतात का?

धागाकर्ता

शोधल्यावर सापडलं. पहिल्या ठिकाणी स्वस्तपणा ४० टक्के, गुणवत्ता ४०, मोमेंटम २०. वाढीचे गुण नुसते दाखवतात, बेरजेत धरत नाहीत. दुसरीकडे मोमेंटम ५०, वाढ ३०, स्वस्तपणा २०. घेतला तेव्हाचा स्क्रीनशॉट आहे: स्वस्तपणा ६५, गुणवत्ता ८५, मोमेंटम ६०.

प्रतिसाद २

मग कोडं सुटलंच की. आकडेमोड करून बघा.

तेव्हा: ६५ चे ४० टक्के २६, ८५ चे ४० टक्के ३४, ६० चे २० टक्के १२. एकूण ७२.
आज: ९० चे ४० टक्के ३६, गुणवत्तेचे तेच ३४, मोमेंटमचे २. एकूण ७२.

भाव उतरला म्हणून मोमेंटमचे दहा गुण गेले. त्याच उतरलेल्या भावामुळे शेअर नफ्याच्या मानाने 'स्वस्त' दिसायला लागला, म्हणून तिकडे दहा वाढले. एका खिशातून काढून दुसऱ्यात घातले, झालं. आकडे इतके तंतोतंत जुळणं हा तुमच्या बाबतीतला योगायोग, पण हा झोका अशा प्रत्येक रेटिंगमध्ये असतो. स्वस्तपणा आणि मोमेंटम बहुतेक वेळा उलट दिशांना पळतात. म्हणूनच तर त्यांना एकत्र बांधतात: एकाचे दिवस वाईट असतात तेव्हा दुसरा सावरून धरतो. शंभर शेअरच्या टोपलीला हे फार उपयोगी पडतं. एकाच शेअरकडे बघणाऱ्याची मात्र त्यात फसगत होते.

दुसऱ्या रेटिंगचं गणितही तितकंच सरळ आहे: मोमेंटमचे ५, वाढीचे ९, स्वस्तपणाचे १८, एकूण ३२. तेव्हा ७२ खरं की ३२, हा प्रश्नच सोडून द्या. पहिल्यावाल्याला चांगला धंदा कमी भावात हवाय, दुसऱ्यावाल्याला चढती कमान हवीये. तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवा आणि मग त्या जातीचं रेटिंग बघा. माझ्यापुरतं सांगायचं तर मी एकूण आकडा बघायचं कधीच सोडलंय, फक्त सुटे गुण बघतो.

अजून एक. ९० गुण म्हणजे '९० टक्के चांगला' असं नाही. बहुतेक ठिकाणी ती रांगेतली जागा असते, म्हणजे शंभरातल्या नव्वदांपेक्षा हा स्वस्त. सगळा बाजारच महाग असेल तर महागांतला त्यातल्या त्यात स्वस्त शेअरही ९० मिळवतो. रांग सगळ्या बाजाराची आहे की त्याच उद्योगातल्या कंपन्यांची, हेही पाहा. त्यावरून चित्र पार बदलतं.

प्रतिसाद ३

छान समजावलंत. थोडी भर घालतो. ही घटकांची कल्पना आली कुठून, तर फामा आणि फ्रेंच या अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्ये बाजार, कंपनीचा आकार आणि स्वस्तपणा अशा तीन घटकांचं मॉडेल मांडलं. मोमेंटमवरचा जेगदीश आणि टिटमन यांचा गाजलेला अभ्यासही त्याच वर्षीचा. २०१५ मध्ये फामा-फ्रेंच यांनी नफाक्षमता आणि गुंतवणूक हे आणखी दोन घटक जोडले. म्हणजे पाया भक्कम आहे, कुणी हवेत बांधलेलं नाही.

पण मॅक्लीन आणि पाँटिफ यांनी २०१६ मध्ये असे ९७ निकष तपासले. मूळ अभ्यासाच्या कालखंडाबाहेर त्यांचा जादा परतावा २६ टक्क्यांनी कमी भरला आणि निकष प्रसिद्ध झाल्यानंतर ५८ टक्क्यांनी. कारण उघड आहे. काही निकष जुन्या आकड्यांत योगायोगानेच चमकलेले असतात, आणि जे खरे असतात त्यांच्यामागे सगळे धावतात. तेव्हा 'आमच्या रेटिंगने मागच्या वीस वर्षांत बाजाराला इतकं मागे टाकलं' असा आलेख कुणी दाखवला, तर ते रेटिंग कोणत्या वर्षी सुरू झालं ते आधी विचारा. त्याच्या अलीकडचे आकडेच काय ते खरे. बाकीचं म्हणजे निकाल लागल्यावर सोडवलेला पेपर.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. झोक्याचा मुद्दा आता डोक्यात पक्का बसला. पण मग गुणवत्तेच्या ८५ वर तरी विश्वास ठेवू ना? ते तर तेव्हाही तेवढेच होते आणि आजही तेवढेच आहेत.

प्रतिसाद २

म्हणूनच त्यांच्यावर जास्त डोळा ठेवा. भाव रोज बदलतो, पण गुणवत्तेचे गुण कंपनीच्या निकालांवरून काढलेले असतात. पुढचे निकाल येईपर्यंत ते फारसे हलत नाहीत. बाजाराला एखादी गोष्ट आधीच खटकलेली असू शकते. शिवाय 'गुणवत्ता' हा शब्द फार सैल आहे. कुणी फक्त भांडवलावरचा परतावा आणि नफ्याचं प्रमाण धरतं, कुणी कर्ज आणि रोख प्रवाहही धरतं.

कंटाळा बाजूला ठेवून एकदा पिओत्रोस्कीचा एफ-स्कोअर हाताने काढा. २००० सालचा आहे, नऊ साधे हो-नाही प्रश्न: नफा आहे का, धंद्यातून रोकड येते का, मालमत्तेवरचा परतावा गेल्या वर्षापेक्षा वाढला का, रोकड नफ्यापेक्षा जास्त आहे का, दीर्घ मुदतीच्या कर्जाचं प्रमाण घटलं का, चालू गुणोत्तर (वर्षभरातली देणी भागवायला हाताशी असलेल्या मालमत्तेचं प्रमाण) सुधारलं का, नवे शेअर काढले नाहीत ना, ढोबळ नफ्याचं (विक्रीतून मालाचा थेट खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेचं) प्रमाण वाढलं का आणि मालमत्तेच्या मानाने विक्री वाढली का. प्रत्येक 'हो'ला एक गुण. त्याने हा स्कोअर पुस्तकी मूल्याच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या) मानाने स्वस्त असलेल्या शेअरमधून चांगले वेगळे काढण्यासाठीच केला होता, म्हणजे तुमच्यासारख्याच परिस्थितीसाठी. फक्त बँकेला लावू नका. तिथे ढोबळ नफा, चालू गुणोत्तर असल्या गोष्टींना अर्थच नाही.

धागाकर्ता

बँक नाही, कारखानदारी आहे. दोन संध्याकाळी गेल्या पण काढला एकदाचा. नऊपैकी ४.

परतावा गेल्या वर्षापेक्षा घसरलाय आणि ढोबळ नफ्याचं प्रमाणही. पण सगळ्यात खटकलं ते हे की नफ्यापेक्षा रोकड बरीच कमी आलीये. विक्री थोडीच वाढली, गिऱ्हाइकांकडून येणं मात्र फुगलंय. रेटिंगचं पान पुन्हा वाचलं, तर तिथे गुणवत्तेत फक्त भागभांडवलावरचा परतावा आणि नफ्याचं प्रमाण, तेही तीन वर्षांची सरासरी. त्यामुळे या वर्षीची घसरण त्यात जेमतेम दिसते. ८५ चं रहस्य हे असं निघालं.

आता विकू का? घाबरून विकायचं नाहीये, पण 'स्वस्त आहे' म्हणून कवटाळून बसायचंही नाहीये.

प्रतिसाद २

विकायचं की नाही ते मी सांगणार नाही, पैसे तुमचे आहेत. पण वार्षिक अहवालात हिशोबांखालच्या टिपा असतात, तिथे येणी किती जुनी आहेत याचा तक्ता शोधा. सहा महिन्यांपेक्षा जुनी येणी किती आणि गेल्या वर्षी किती होती, ते इथे लिहा. एकाच मोठ्या गिऱ्हाइकाकडे अडकलीयेत की सगळीकडे पसरलीयेत, याचा काही उल्लेख असेल तर तोही. मग पुढे बोलू.