काबूलचे सुईवरचे नशेकरी: आधी कोरी सुई की आधी सक्तीचे उपचार?

गवतफूल:
2005-06 मध्ये काबूलमध्ये सुईने नशा करणाऱ्या 464 जणांचं रक्त तपासलं गेलं. हेपॅटायटिस सी (रक्तातून पसरणारा यकृताचा आजार) 36.6 टक्क्यांना निघाला, एचआयव्ही 3 टक्क्यांना. दुसऱ्याची सिरिंज वापरल्याचं जवळपास निम्म्यांनी सांगितलं. यांतले बरेच जण इराण किंवा पाकिस्तानात निर्वासित म्हणून राहून परतलेले. अफू त्यांच्याच मातीतली, पण सुई टोचायला अनेक जण परमुलखात शिकले. दिवसभर अंगमेहनत, कागदपत्रं नाहीत, पोलिसांची भीती, घरचं कुणी जवळ नाही. अंगदुखी मारायला आधी ओढायची, पैसे पुरेनासे झाले की टोचायची, कारण थोड्या मालात जास्त चढते. म्हणून माझं ठाम मत आहे की परतणाऱ्याला सरहद्दीवरच तपासणी, कोरी सिरिंज आणि मेथाडोन (अफू-हेरॉइनच्या जागी देखरेखीखाली दिलं जाणारं, तलफ शमवणारं औषध) मिळायला हवं.

सडेतोड:
नाही पटलं. लाखो अफगाण परागंदा झाले, राबले, पोरांना शिकवलं. त्यांनी सुईला हात लावला नाही. मग दोष निर्वासितपणाचा कसा? आणि सुई वाटायची म्हणजे "घे बाबा" असंच सांगणं झालं. माझा चुलतभाऊ यातच गेला. काकूच्या हातून त्याला सिरिंज दिली जातेय हे चित्र मला डोळ्यांसमोर आणवत नाही. काबूलमध्ये पुलाखाली राहणाऱ्या नशेकऱ्यांना तालिबान उचलून सक्तीने इस्पितळात नेतात ते क्रूर वाटेल, पण तिथे निदान छप्पर तरी आहे.

रात्रपाळी:
सडेतोड, तुमच्या घरावर आलेलं फार वाईट होतं. पण मी नर्स आहे, सुईचं जरा जवळून सांगते. दट्ट्या तळापर्यंत दाबला तरी टोकाशी थेंबभर रक्त उरतं. हेपॅटायटिस सीचा विषाणू त्यात कित्येक आठवडे तग धरू शकतो. सुई ज्याची त्याची असली, तरी माल विरघळवायचं झाकण, गाळायचा कापूस आणि पाणी सामाईक असतं, आणि लागण तिथूनही होते. काबूलमध्ये "खून बोज़ी" म्हणतात तो प्रकार तर आणखी घातक: शिरेतलं रक्त सिरिंजमध्ये ओढायचं, परत आत सोडायचं, पुन्हा ओढायचं. तीच सिरिंज पुढच्याच्या हातात गेली की संपलं. "सोड" म्हणून सांगायला तो माणूस आधी जिवंत तर राहायला हवा.

गवतफूल:
ताईंना अनुमोदन. छपराबद्दल सडेतोड यांना सांगतो. कोंडून सक्तीने नशा तोडली की शरीराची सवय मोडते. बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापाने घेतो आणि श्वास थांबून मरतो. म्हणूनच 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या 12 संस्थांनी मिळून अशी सक्तीची केंद्रं बंद करा असं सांगितलं. आणि ज्या इराणातून माणसं हाकलली जातात, त्याच इराणने केरमानशाहमध्ये 2000 च्या सुमारास व्यसन, एचआयव्ही आणि गुप्तरोग एकाच छताखाली पाहणारे दवाखाने काढले, तुरुंगात मेथाडोन दिलं. धर्मसत्तेला ते जमलं! काबूलमध्येही 2010 मध्ये मेथाडोन सुरू झालं होतं, अगदी छोट्या प्रमाणावर.

सडेतोड:
सवय मोडण्याचा मुद्दा मला माहीत नव्हता. भाऊ केंद्रातून सुटल्यावर अकराव्या दिवशी गेला. आम्ही समजलो, पुन्हा बिघडला. एवढं मान्य करतो. पण सरहद्दीवर सुई द्यायला विरोध कायम आहे. तिथे बायका-मुलांची रांग असते, तिच्यात एखाद्याला वेगळं काढून सिरिंज दिली तर तो गावात तोंड दाखवू शकेल का? तपासणी करा, गोळ्या द्या. हेपॅटायटिस सी आता साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी 95 टक्क्यांहून जास्त जणांचा बरा होतो ना?

रात्रपाळी:
होतो. पण बरा झालेला त्याच झाकणात पुन्हा सुई बुडवेल तर पुन्हा लागण होते, एकदा झाला म्हणून संरक्षण मिळत नाही. रांगेचं मात्र तुमचं खरं आहे. सिरिंज तिथे नको, पुलाखाली जाऊन द्यावी, आणि देणारा स्वतः कधीतरी सुईवर असलेला माणूस असावा. त्याच्याशी ते बोलतात. माझ्याशी बोलायला त्यांना तीन-तीन खेपा लागतात.

गवतफूल:
सरहद्दीचा हट्ट मी सोडतो. काळजी वेगळीच आहे: तालिबानने एप्रिल 2022 मध्ये अफूवर घातलेल्या बंदीनंतर 2023 मध्ये अफूची लागवड 95 टक्क्यांनी घटली, माल महागला. आजवर ओढणारे आता टोचायला लागले तर? त्यात 2023 पासून पाकिस्तानातून आणि मागोमाग इराणमधून लाखो लोक परत पाठवले जात आहेत.