वैताग आला हे इंग्रजीत कसं सांगायचं?

चिडकाबिब्बा: ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलावं लागतं आणि राग आला की माझ्याकडे एकच शब्द, अँग्री. वैताग, चिडचिड, संताप सगळं त्यातच कोंबतो, वेगळे शब्द सांगा ना कोणीतरी

कोकणीमेवा: वैतागाला अनॉइड किंवा फेड अप, चिडचिडीला इरिटेटेड, संतापाला फ्युरिअस. त्याच्याही वर लिव्हिड, हा मूळ लॅटिनमधला, शिशासारखा निळसर रंग, म्हणजे आपलं रागाने काळंनिळं होणंच की!

परदेशीपाहुणा: पिस्ड जपून वापरा बरं का. अमेरिकेत चिडलेला, इंग्लंडात टाइट झालेला. मी लंडनमध्ये साहेबाबद्दल बोलून बसलो आणि अख्खी टीम माझ्याकडे बघतच राहिली 😄 तिथे पुढे ऑफ लावतात, तरी ऑफिसात नकोच

चिडकाबिब्बा: हाहा. आणि भुकेने डोकं फिरतं त्याला?

कोकणीमेवा: हँग्री! हंग्री अधिक अँग्री, २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत पण गेला. रुसण्याला सल्क म्हणतात पण त्यात आपल्या रुसव्यातला लाडिकपणा नाही हो, नुसतं तोंड फुगवून बसणं